‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ खेड्यातल्या लोकांना दाखवला तर त्यांना तो कळेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमच्या तरुण मंडळाला गावात पडदा लावून ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ दाखवायचा आहे. पण फ्रेंचांविरुद्धच्या उठावावरचा हा जुना, काळापांढरा, परक्या भाषेतला युद्धपट लोक बघत बसतील का, की अर्ध्यातून उठून जातील? आणि बसले तर टाळ्या कुठं पडतील?

कळतो. बसतातही. टाळ्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालो. आमच्या गावच्या वाचनालयात हा चित्रपट आम्ही 26 जानेवारीच्या रात्री दाखवला. तारीख मुद्दाम धरली होती. 26 जानेवारी 1831 या दिवशी संगोळ्ळी रायण्णाला आमच्याच तालुक्यात, नंदगडला, इंग्रजांनी फाशी दिलं. कित्तूरच्या राणी चन्नम्मानं 1824 मध्ये इंग्रजांशी दोन हात केले, पुढं तिला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, तिथंच 1829 मध्ये ती गेली. तिच्यानंतर ज्यानं माणसं गोळा करून जंगलातून गनिमी काव्यानं लढा चालू ठेवला तो हा रायण्णा. सरकारी कचेऱ्या जाळायच्या, खजिना लुटायचा, पुन्हा रानात. 1830 मध्ये कपटानं पकडला गेला. मराठी घर असो वा कन्नड, आमच्याकडं हे पोरांना कुणी पुस्तकातून सांगत नाही. नंदगडच्या त्या वडाच्या झाडाखाली एकदा नेलं की झालं.

चित्रपट सुरू होण्याआधी मी एवढंच बोललो: ज्या वर्षी रायण्णाला पकडलं, त्याच 1830 मध्ये फ्रेंच फौजा अल्जियर्सला उतरल्या. आपण इंग्रजांना 1947 ला घालवलं. ती माणसं 1962 पर्यंत, म्हणजे 132 वर्षं, फ्रेंचांखाली होती. यापेक्षा लांब प्रस्तावना करू नका. अल्जेरिया कुठं आहे, तिथला पक्ष कोणता, हे लोक पडद्यावरून काढून घेतात.

भाषेची अडचण खरी आहे. चित्रपट अरबी आणि फ्रेंचमध्ये, खाली अक्षरं इंग्रजीत. आम्ही असं केलं: मी माइकवर मराठीत सांगत गेलो, आणि आमच्या गल्लीतली एक कॉलेजची मुलगी माझ्यामागं कन्नडमध्ये. पहिली दहा मिनिटं गोंधळ झाला, मग लय सापडली. एक शिकलो: प्रत्येक वाक्य सांगायचं नाही. निम्म्या ठिकाणी चेहरेच पुरे होतात, आणि आपण बोललो की लोकांना त्रास होतो. मागून एकजण ओरडलाच, “सर, कळालंय, गप्प बसा की!”

आता प्रतिसाद.

चित्रपट सुरू होतो तो एका छळलेल्या माणसापासून. अंगावर कपडे नाहीत, थरथरतोय, समोर फ्रेंच सैनिक. त्यानं बंडखोर अली कुठं लपलाय ते सांगून टाकलंय. सैनिक त्याला कॉफी देतात आणि स्वतःचा गणवेश चढवायला लावतात, म्हणजे वाट दाखवायला त्यांच्याबरोबर जाता येईल. आमच्या सभागृहात पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी शब्द टाकला: “फितूर.” मग तो रांगेरांगेतून फिरला. शिवजयंतीच्या चित्ररथांवर वाढलेली आमची माणसं. फितूर कोण, मावळा कोण, हे ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. पुढं बसलेली एक आजी तेवढी वेगळं बोलली: “कापरं भरलंय त्याला. घोंगडं तरी द्या.” त्या वेळी लोक तिला हसले.

मग चित्रपट तीन वर्षं मागं जातो, आणि पाऊण तास आमचं सभागृह चित्ररथासारखंच वागलं. कास्बाचे, म्हणजे अल्जियर्सच्या जुन्या अरबी वस्तीचे, जिने, बोळ, गच्च्यांवरून पळणं, भिंतीआड भिंत. गनिमी कावा म्हटल्यावर सगळं जागच्या जागी बसलं. क्रांतिकारकांची संघटना वस्तीत दारूबंदी करते तेव्हा स्त्रीशक्ती संघाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. पण त्याच ओघात लहान पोरांचा घोळका एका झिंगलेल्या म्हाताऱ्याला जिन्यावरून फरफटत नेतो. टाळ्या तिथंच थांबल्या. “पोरांच्या हातनं म्हाताऱ्याला मारवतात काय?” असं एकीनं विचारलं, आणि तिला कुणी उत्तर दिलं नाही.

रात्री पोलिसांतली माणसं कास्बात येऊन बॉम्ब ठेवतात, घरं कोसळतात, ढिगाऱ्यातून पोरं काढतात. इथं आमची माणसं पेटली. शिव्या आल्या, मी त्या इथं लिहीत नाही. आणि लगेच पुढचा प्रसंग: तीन बायका आरशासमोर बसून बुरखा उतरवतात, केस कापतात, रंगवतात, ओठ रंगवतात, फ्रेंच बायकांसारखे कपडे घालतात. मागं फक्त ताल वाजतो, आमच्या हलगीसारखा चढत जाणारा. मला वाटलं होतं पोरं शिट्ट्या मारतील. कुणी मारली नाही. माझ्या बायकोच्या शेजारी बसलेली काकू एवढंच म्हणाली, “केस कापताना बघा तिचं तोंड.” त्या नाक्यावरून पार होतात, सैनिक त्यांच्याशी गोड बोलून त्यांना सोडतो, तेव्हा मात्र सगळं सभागृह सुटल्यासारखं हसलं.

मग त्यांतली एक उपाहारगृहात जाते, पिशवी ठेवते, आणि आजूबाजूला बघते. कॅमेराही बघतो. तरुण पोरं-पोरी, कुणी नाचतंय, कुणी हसतंय, एक लहान पोरगं आइस्क्रीम चाटतंय. तुमच्या कार्यक्रमात सगळ्यांत लक्ष द्यायची जागा ही. आमच्याकडं एवढी शांतता झाली की प्रोजेक्टरचा पंखा ऐकू आला. आणि त्या शांततेत एक बाई पडद्याला उद्देशून म्हणाली, “अगं, त्या पोराला तरी उठवा की कुणीतरी!”

बॉम्ब फुटला. दोघा-चौघा पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी साथ दिली नाही.

पाच मिनिटांपूर्वी ह्याच लोकांना सूड हवा होता, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्वो स्वतः दुसऱ्या महायुद्धात इटलीत फॅसिस्टांविरुद्ध भूमिगत लढलेला. त्याचं मन कुणाकडं आहे हे लपत नाही. तरी कास्बातल्या ढिगाऱ्यावर जे शोकाचं संगीत वाजतं, तेच इथं फ्रेंच मृतांवर वाजतं. आमच्या कन्नड सांगणाऱ्या मुलीनं ते पकडलं. ती माइक बाजूला करून मला म्हणाली, “सर, तेच गाणं.” मी हा चित्रपट पहिल्यांदा पुण्यात शिकत असताना एका फिल्म सोसायटीत बघितला होता. तेव्हा मीही त्या दोघा-चौघांतलाच होतो, आणि संगीत तेच आहे हे मला कळलंही नव्हतं.

त्या रात्रीची सगळ्यांत मोठी टाळी पडली ती एका वाक्याला. पकडलेला नेता बेन म्हिदी पत्रकारांसमोर उभा आहे. एकजण विचारतो, बायकांच्या टोपल्यांतून बॉम्ब पाठवणं भ्याडपणाचं नाही का? तो म्हणतो, तुम्ही विमानांतून गावांवर नापाम, म्हणजे आगीचे बॉम्ब, टाकता, त्यानं कितीतरी जास्त माणसं मरतात. तुमची विमानं आम्हाला द्या, आमच्या टोपल्या तुम्ही घ्या. सभागृह उठून उभं राहिलं. आइस्क्रीमच्या पोरासाठी जी बाई ओरडली, तिनंही टाळ्या वाजवल्या. ती बदलली असं मला वाटत नाही. तिला दोन्ही खरं वाटलं.

बेमुदत नव्हे, आठ दिवसांचा संप येतो, 1957 च्या जानेवारीतला. बंद म्हणजे काय हे आमच्या सीमाभागात कुणाला शिकवावं लागत नाही. सैनिक दुकानांची दारं उचकटून उघडतात तेव्हा म्हातारी माणसं एकमेकांकडं बघून मान हलवत होती. सैनिकांच्याच ध्वनिक्षेपकावरून एक पोरगं आपल्या लोकांना धीर देतं आणि बायका जीभ हलवून तो चिरका आवाज काढतात, तिथं पहिल्यांदा शिट्ट्या आल्या. आमच्या पोरींनी तो आवाज नंतर आठवडाभर गल्लीत काढला.

आता सुभेदार मामांचं सांगतो, कारण तुमच्याही गावात असं कुणीतरी असेल. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. आमच्या भागात गल्लीला एक तरी पेन्शनर जवान असतो. मामा कुठल्या पलटणीत, कुठं होते, ते मी लिहीत नाही. ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. छत्रीधारी सैनिकांचा कर्नल मॅथ्यू फळ्यावर आकृती काढून समजावतो, की एक माणूस वरच्या एकाला आणि खालच्या दोघांनाच ओळखतो, म्हणून एकाकडून पुढच्याचं नाव काढलंच पाहिजे, तेव्हा मामा हळूच म्हणाले, “बरोबर सांगतोय.” शेजारच्या पोरानं चमकून बघितलं. मग कर्नल पत्रकारांना उलट विचारतो: फ्रान्सनं अल्जेरियात राहायचं का? हो म्हणत असाल तर त्याचे सगळे परिणामही मान्य करा. मामांनी बेन म्हिदीला टाळी दिली नव्हती. इथंही नाही दिली.

छळाचे प्रसंग येतात तेव्हा संवाद नाहीत, फक्त ऑर्गनसारखं संगीत. मला वाचायला काही नव्हतं. लहान पोरांना आम्ही आधीच घरी पाठवलं होतं, तुम्हीही पाठवा. त्या काकू नंतर म्हणाल्या, “मी तर डोळेच मिटलो, खरं कान कसं मिटायचं?” (आमच्याकडं बायकाही ‘मिटलो’ म्हणतात, आणि ‘पण’ला ‘खरं’.)

बऱ्याच जणांनी विचारलं, हे खरं चित्रण आहे का? नाही. बातमीपटाचा एक फूटही यात वापरलेला नाही, सगळं 1965 मध्ये अल्जियर्समध्येच उभं केलेलं. कर्नलची भूमिका करणारा जाँ मार्तां सोडला तर जवळजवळ सगळी माणसं रस्त्यावरची. क्रांतिकारकांच्या नेत्याच्या भूमिकेतला सादी यासेफ हा त्या लढ्यात खरोखर नेता होता, आणि चित्रपटाचा निर्मातासुद्धा. हे ऐकल्यावर मामा म्हणाले, “म्हणूनच त्याला घाई नाही कुठं.”

जगात इतरत्र काय झालं तेही तुमच्या मंडळाला सांगा. 1966 मध्ये व्हेनिसला याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि फ्रेंच प्रतिनिधी निषेध म्हणून निघून गेले. फ्रान्समध्ये काही वर्षं तो दाखवताच आला नाही. आणि 2003 मध्ये अमेरिकेच्या पेंटॅगॉननं, म्हणजे संरक्षण खात्यानं, इराक युद्धाच्या काळात आपल्या अधिकाऱ्यांसाठी याचा खेळ ठेवला. बंडखोरांनीही हा चित्रपट धडा म्हणून बघितला आणि बंड मोडणाऱ्यांनीही. आमच्या वाचनालयात हे दोन्ही प्रेक्षक एका सतरंजीवर होते, एवढाच फरक.

शेवटी गोष्ट फिरून सुरुवातीला येते, अली ज्या भिंतीआड लपलाय तिथं. अली बाहेर येत नाही, सैनिक भिंत उडवतात. मग तीन वर्षांनी रस्ते माणसांनी भरतात, आणि 1962 चं स्वातंत्र्य. आमच्या वयस्कांना इथं गोवा आठवला. डिसेंबर 1961 मध्ये बेळगावातून गोव्याकडं सैन्य गेलं, त्या लॉऱ्या बघितलेली माणसं अजून आहेत; एक आजोबा म्हणाले की अल्जेरिया आमच्या गोव्यानंतर सहाच महिन्यांनी सुटला की. हिशेब बरोबर होता.

दिवे लागल्यावर लगेच चर्चा घेऊ नका. चहा ठेवा. आमच्याकडं अर्धा तास कुणी धड बोललं नाही, आणि मग एकदम सगळे बोलले. टाळ्या वाजवलेल्या पोरांतला एक कोपऱ्यात कुणाशी तरी हमरीतुमरीवर आला होता, की रायण्णाच्या वेळी जाळायला कचेऱ्या होत्या, ह्यांच्याकडं काय होतं? ते भांडण मी थांबवलं नाही.

ती पुढं बसलेली आजी उठताना माझ्याकडं आली. “गुरुजी, त्या कापणाऱ्याचं काय झालं?” मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल विचारतेय. पहिल्या दोन मिनिटांतला माणूस. ज्याला सगळ्यांनी फितूर म्हटलं होतं, आणि छळाचे प्रसंग बघितल्यानंतर ज्याच्यासाठी तो शब्द पुन्हा कुणी उच्चारला नव्हता. मी काही सांगू शकलो नाही. सुभेदार मामा सतरंजी गुंडाळत होते. ते वर न बघता म्हणाले, “आजी, असली माणसं मी बघितलोय. गाडीत पुढं बसवतात त्यांना. थंडी नसती, खरं कापत असतात.”

आजीनं विचारलं, “मग घोंगडं देता काय?”

मामांनी सतरंजी खाली ठेवली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.