वाचकांचे प्रश्न : इस्टेट लिलावातले चाकू, सुरे आणि बिडाचे तवे

प्रश्न : आमच्या गावात एका वृद्ध गृहस्थांच्या घरातल्या सामानाचा लिलाव आहे. यादीत ‘हाताने घडवलेले चाकू, एक पेटी’ एवढेच लिहिले आहे. पाहणीच्या दिवशी नेमके काय पाहावे, आणि बोली कुठवर न्यावी?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पाहणी अजिबात चुकवू नका. अशा लिलावांत माल बहुधा ‘जसा आहे तसा’ विकला जातो. हातोडा पडल्यावर तक्रारीला जागा उरत नाही. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी बॅटरी, लोहचुंबक आणि मऊ सुती फडके न्या.

आधी पात्याची घडण पाहा. वर्षानुवर्षे धार लावून झिजलेल्या सुऱ्याला मुठीजवळ, धार सुरू होते तिथे, खळगा पडलेला असतो. मिटता चाकू झिजलेला असेल, तर पाते खोबणीत नको इतके खोल बसते. टोकाशी किंवा धारेवर निळसर डाग दिसला तर हात आखडता घ्या. मोटरवरच्या चाकावर धार लावताना पाते तापले आणि त्याचे पाणी उतरले, असा त्याचा अर्थ. तिथले पोलाद मऊ पडलेले असते, धार टिकत नाही. पुन्हा पाणी द्यायचे तर मूठ काढावी लागते, आणि मग तो मूळ कारागिराचा सुरा राहत नाही.

मूठ आणि पाते यांच्यामधली पितळी आड भिंगाखाली पाहा. तिथे फट असेल तर पाणी आत झिरपून मुठीतला लोखंडी दांडा आतून गंजलेला असू शकतो. सुरा कानाजवळ धरून हलवा. किंचितही खुळखुळला तर किंमत निम्म्यावर आणायला हरकत नाही. चुंबकाचा उपयोग पितळेचा मुलामा दिलेले लोखंड ओळखण्यापुरताच. चाकूचे बहुतेक स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटते, त्यामुळे साधे पोलाद कोणते आणि स्टेनलेस कोणते, हे त्याने कळत नाही.

लहरदार नक्षीचे ‘दमास्कस’ पाते असेल तर त्याची पाठ पाहा. खरे पाते पोलादाचे थर भट्टीत जोडून घडवलेले असते, म्हणून नक्षी पाठीवरूनही जाते. फक्त दोन्ही बाजूंनाच नक्षी असेल, तर ती आम्लाने किंवा लेझरने वरवर उठवलेली आहे.

शेवटी ठसा. मुठीलगत ‘रँडल मेड, ऑर्लँडो’ किंवा रिव्हरसाइडच्या बॉब लव्हलेस या नामांकित अमेरिकन चाकू-कारागिरांचे नाव दिसले, तर ती पेटी नुसती ‘एक पेटी’ राहत नाही. नावाशेजारी ‘जेएस’ (जर्नीमन स्मिथ) किंवा ‘एमएस’ (मास्टर स्मिथ) ही अक्षरे असतील, तर कारागीर १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा उतरलेला आहे. त्या परीक्षेत त्याने घडवलेल्या सुऱ्याने लोंबकळणारा दोर एका घावात तोडायचा, लाकडाच्या फळ्या तोडायच्या, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि शेवटी पाते शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचे असते. पात्यावर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे देशाचे नाव असेल तर ते बहुधा १८९१ नंतरचे. आयात मालावर देशाचे नाव घालण्याची अमेरिकेतली सक्ती तेव्हापासूनची.

बोलीचा हिशेब घरूनच करून जा. समजा लिलावदाराची वरकड, म्हणजे बोलीवर खरेदीदाराने द्यायची जादा रक्कम, २० टक्के आहे आणि तुमच्या राज्याचा विक्रीकर ६.६२५ टक्के. १२० डॉलरला बोली सुटली, तर वरकडीसह १४४ आणि करासह १५३.५४ डॉलर होतात. खिशातून १५० च द्यायचे असतील तर ११७ वर थांबा.

प्रश्न : घेतलेल्या चाकूचे पाते काळवंडले आहे. घासून चकचकीत करू का?
– एक वाचक, ओहायो

उत्तर : नाही. साध्या पोलादावरची करडी-काळी झाक पात्याला पुढच्या गंजापासून थोडेफार राखते, आणि संग्राहक तिचेच पैसे देतात. पॉलिशच्या चाकावर ती जातेच, शिवाय ठशाच्या कडाही बोथट होतात. काढायचा तो फक्त लाल, भुकटी सुटणारा गंज. त्यावर खनिज तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लाकडी दातकोरणीने हळूहळू उचला. मग मऊ फडक्याने मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. शेंगदाणा किंवा तिळाचे तेल लावू नका, ते पुढे चिकट होऊन बसते.

चाकू चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. चामडे ओल धरते, कमावताना वापरलेली आम्ले त्यात उरतात, आणि पाते आतल्या आत खड्डे पडून खराब होते. म्यान जवळच, पण वेगळे ठेवा.

मूठ कासवाच्या पाठीसारखी किंवा मोत्यासारखी झळकत असेल आणि तिला कापराचा वास येत असेल, तर ती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची. सेल्युलॉइड कुजू लागले की आम्लाची वाफ सोडते, आणि त्याच खणातले चांगले चाकू गंजतात. मुठीवर जाळीदार चिरा दिसताच तो चाकू बाहेर काढून हवेशीर जागी, आचेपासून दूर ठेवा. सेल्युलॉइड भराभर पेटते.

प्रश्न : घावन-थालीपिठासाठी जुना बिडाचा तवा घ्यायचा आहे. काय तपासू?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : सपाट काचेवर ठेवून समोरासमोरच्या कडा दाबा. डुगडुगला तर काचेच्या शेगडीवर तो नीट बसणार नाही. गॅसवर थोडा बाक चालतो. मग बोटावर लटकवून लाकडी उलथन्याने टिचकी मारा. घंटेसारखा नाद हवा. बद्द आवाज म्हणजे चीर. रंग लालसर आणि पृष्ठभाग खरखरीत झाला असेल तर तवा आगीत भाजलेला आहे, त्यावर तेलाचा थर धरत नाही.

‘ग्रिसवोल्ड, ईरी’ असा बिडाच्या भांड्यांच्या जुन्या, नावाजलेल्या अमेरिकन कारखान्याचा ठसा असेल तरी अक्षरांच्या कडा पाहा. नक्कल करणारे खऱ्या तव्यावरून साचा काढून त्यात बीड ओततात. थंड होताना बीड सुमारे १ टक्का आक्रसते, म्हणून नक्कल किंचित लहान भरते आणि अक्षरे पुसट उठतात.

शिशाची शंका मात्र कधीच दुर्लक्षू नका. मासेमारीची वजने आणि बंदुकीच्या गोळ्या ओतायला लोक बिडाच्या भांड्यांत शिसे वितळवत. नखाने ओरखडा उठेल असा मऊ, राखाडी-चंदेरी डाग दिसला तर तो तवा स्वयंपाकासाठी नाही. कितीही घासला तरी नाही.

प्रश्न : हस्तिदंती मुठीचा सुरा भारतात वडिलांना भेट म्हणून नेता येईल का?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : नेऊ नका. हस्तिदंत सीमेपार नेण्यावर दोन्ही देशांत कडक बंधने आहेत, आणि तुमच्या राज्यात त्याच्या विक्रीवरही बंदी आहे. आधी मूठ खरोखर हस्तिदंताची आहे का, ते भिंगाने पाहा. आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसल्या तर हस्तिदंत, काळपट ठिपके आणि बारीक खाचा दिसल्या तर हाड. तापलेली सुई टोचून पाहू नका. वस्तूवर कायमचा डाग पडतो.

हाडाच्या किंवा लाकडी मुठीचा सुरा न्यायचा असेल तर तो चेक-इन सामानातच, पाते नीट गुंडाळून. घरगुती किंवा शेतीच्या कामाची नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी भारताच्या शस्त्रनियमांत येते आणि आयातीला परवाना लागतो. वडिलांसाठी ४ इंची पात्याचा साधा मिटता चाकू निवडा.