एम घट्ट, एल आरामशीर: मध्यम बजेटमध्ये फुल-फेस हेल्मेट कसं निवडायचं?

तुम्ही विचारलंय की बजेट बेताचं आहे, वापर रोजचा आणि अधूनमधून हायवेचा, डोळ्यांना चष्मा आहे. एकाच मॉडेलचं एम घट्ट होतंय आणि एल आरामात बसतंय, तर कोणतं घ्यावं? आणि फायबरच्या कवचासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

साइजचं आधी सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातला तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. बहुधा एम घ्या. 'बहुधा' अशासाठी, की तो घट्टपणा नेमका कुठे जाणवतोय यावर सगळं ठरतं.

नवीन हेल्मेट डोक्यात घालताना थोडी झटापट व्हायलाच हवी. दोन्ही पट्टे हातात धरून बाहेरच्या बाजूला ताणायचे, मग कपाळाकडून मागे असं हेल्मेट खाली ओढायचं. कान दुमडतात, ते आत बोट घालून सरळ करायचे. घातल्यावर गाल वर ढकलले जातात, बोलताना आतून गाल दाताखाली येतो. आरशात चेहरा फुगल्यासारखा दिसतो. हे सगळं ठीक आहे. गालाचे पॅड पहिल्या काही आठवड्यांत दबतात आणि सैल पडतात. दुकानात जे हेल्मेट 'मस्त, आरामात बसलं' असं वाटतं, ते दोन-तीन महिन्यांनी मान वळवली की वेगळं फिरायला लागतं. आणि डोक्यावर फिरणारं हेल्मेट अपघातात जागेवर राहत नाही.

पण कपाळाच्या मधोमध किंवा दोन्ही कानशिलांवर एखाद्या ठिकाणी बोट रुतवल्यासारखा दाब येत असेल, तर गोष्ट वेगळी. गालाचा स्पंज दबतो, पण कपाळाशी पातळ कापडी अस्तराच्या मागे लगेच कडक थर्माकोल असतो आणि तो तुमच्या डोक्यासाठी जागा करून देत नाही. म्हणून दुकानात हेल्मेट घालून वीस-पंचवीस मिनिटं तसेच उभे राहा. लाज वाटू देऊ नका, चांगला दुकानदार काही म्हणत नाही. मग काढून आरशात कपाळ बघा. सगळीकडे सारखी हलकी लाली असेल तर उत्तम. मधोमध रुपयाएवढा लालभडक डाग असेल तर ते हेल्मेट तुमचं नाही. अशा वेळी एल घेऊन प्रश्न सुटत नाही. कपाळाचा दाब जातो, पण बाजूंनी पोकळी राहते. इथे अडचण साइजची नसते, डोक्याच्या आकाराची असते.

हा आकाराचा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. वरून पाहिलं तर काहींचं डोकं पुढून मागे लांबट असतं, काहींचं जवळपास गोल, आणि बहुतेकांचं या दोन्हींच्या मधलं. प्रत्येक कंपनी आपला साचा यातल्या एखाद्या आकाराकडे झुकवून बनवते. लांबट डोक्याच्या माणसाने गोल साच्याचं हेल्मेट घातलं की कपाळ दुखतं आणि कानांच्या वर हवा खेळते. गोल डोक्याच्या माणसाने लांबट साच्याचं घातलं की कानशिलं ठणकतात आणि पुढे-मागे जागा उरते. म्हणून एम कपाळावर टोचत असेल तर त्याच मॉडेलचं एल घेण्याऐवजी दुसऱ्या कंपनीचं एम घालून बघा. मोजमापही घ्या: शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वर आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून फिरवायची, दोन-तीनदा मोजायचं, सगळ्यात मोठा आकडा धरायचा. एका कंपनीचं एम दुसरीकडे एल असू शकतं, त्यामुळे अक्षरावर न जाता सेंटिमीटरच्या तक्त्यावर जा.

आणखी दोन चाचण्या, दोन्ही पट्टा बांधून करायच्या. पहिली: हेल्मेट हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा. कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट सरकतंय, तर ते मोठं आहे. दुसरी: मागची खालची कड दोन्ही हातांनी धरून वर आणि पुढे ढकला. कुणाची तरी मदत घेतलीत तर उत्तम. हेल्मेट डोक्यावरून पुढे निघून येत असेल, तर कितीही भारी कंपनीचं असो, ठेवून द्या. ही दुसरी चाचणी फार थोडे लोक करतात आणि मला ती सगळ्यात जास्त मोलाची वाटते.

चष्म्याचं म्हणाल तर स्वतःचा चष्मा घेऊनच दुकानात जा. आधी हेल्मेट, मग वायझर वर करून चष्मा घालायचा. काड्या सरळ आत गेल्या पाहिजेत. काही हेल्मेटांच्या गालाच्या पॅडमध्ये काडीसाठी खाच असते, ती असेल तर फारच सोय होते. काडी कानशिलावर दाबली जात असेल तर अर्ध्या तासात डोकं दुखणार हे नक्की.

आता खुणांकडे येऊ. कायद्याने जी खूण सक्तीची आहे, मग ती आपली आयएसआय असो, अमेरिकेची डॉट असो की युरोपची ईसीई, ती तर हवीच. पण या खुणांमागचं काम सारखं नाही. अमेरिकेच्या डॉटमध्ये कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट नियमात बसतं, सरकार नंतर बाजारातून काही नमुने उचलून तपासतं. शिवाय त्यात हनुवटीच्या भागाची आघात चाचणीच नाही. फुल-फेस घेणाऱ्यासाठी ही मोठी उणीव आहे. ईसीईमध्ये मंजुरी आधी घ्यावी लागते, विक्री नंतर. तिची २२.०६ ही आवृत्ती २०२१ पासून लागू झाली. तिच्यात जोराचा आघात सेकंदाला ८.२ मीटर वेगाने करतात, म्हणजे साधारण साडेतीन मीटर उंचीवरून आपटावं तेवढा. आधीच्या २२.०५ मध्ये तो ७.५ मीटर होता. नवीन आवृत्तीत कमी वेगाचा आघातही तपासतात, कारण फार कडक हेल्मेट मोठा धक्का झेलतं पण छोट्या धक्क्यात डोक्याला सगळा मार देतं. त्याशिवाय ४५ अंशांच्या खडबडीत उतारावर हेल्मेट आपटून डोकं किती गरकन फिरतं हेही मोजतात. प्रत्यक्षात गाडीवरून पडणारा माणूस क्वचितच सरळ आपटतो, बहुतेक वेळा तिरकाच आपटतो, आणि मेंदूला पीळ बसतो तो तिथे.

पट्ट्यावर शिवलेलं लेबल वाचायला शिका. गोलात ई हे अक्षर आणि शेजारी एक आकडा असतो. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ९ स्पेन. हेल्मेट कुठे बनलं याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याखालच्या क्रमांकाची सुरुवात ०६ ने असेल तर ते नवीन आवृत्तीचं, ०५ असेल तर जुनं. क्रमांकात पी हे अक्षर असेल तर हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे. एनपी असेल तर हनुवटीपुढे कवच दिसतं खरं, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. हनुवटी वर उचलता येणारी हेल्मेटं तुम्ही बघत असाल तर पी आणि जे (म्हणजे हनुवटी वर उचललेली असतानाही मंजूर) ही दोन्ही अक्षरं शोधा. नुसता बाहेरून चिकटवलेला स्टिकर आणि पट्ट्यावर काहीच नाही, असं दिसलं की दुकानातून बाहेर पडा.

हनुवटीचा मी एवढा आग्रह का धरतो? जर्मन संशोधक डिएटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवर मार कुठे लागला ते नोंदवलं, आणि जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागातच होता. माझ्या एका मित्राचं पडल्यानंतरचं हेल्मेट मी हातात घेऊन पाहिलंय. हनुवटीच्या डाव्या बाजूला रंग, त्याखालचा प्रायमर आणि मग प्लास्टिक असं तळहाताएवढं घासलं गेलं होतं. कानशिलाजवळ मात्र बाहेरून फक्त एक ओरखडा. आतलं पॅड काढलं तेव्हा त्या ओरखड्याच्या बरोबर मागे थर्माकोल अंगठा दाबल्यासारखा खचलेला आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक भेगा. मित्राचा जबडा शाबूत होता.

तुमच्या कवचाच्या प्रश्नाचं उत्तर त्या खचलेल्या थर्माकोलमध्ये आहे. धक्का मुख्यतः तोच खातो, स्वतः चिरडून. कवचाचं काम धक्का पसरवणं, टोकदार वस्तू आत येऊ न देणं आणि रस्त्यावरून घसरत राहणं. हे काम चांगल्या पॉलिकार्बोनेटलाही, म्हणजे साध्या कवचाच्या कडक प्लास्टिकलाही, जमतं. ब्रिटिश सरकारची शार्प नावाची योजना २००७ पासून हेल्मेटं बाजारातून विकत घेऊन वेगवेगळ्या वेगांनी आपटते आणि एक ते पाच तारे देते. त्या यादीत साध्या कवचाची स्वस्त हेल्मेटं पाच ताऱ्यांवर सापडतात आणि काही महागडी तीन ताऱ्यांवर. यादी इंटरनेटवर फुकट आहे. तुमच्या डोक्यात असलेलं मॉडेल तिच्यात आहे का, एकदा बघाच. तेव्हा मध्यम बजेटमध्ये फायबरसाठी ताणून पैसे घालू नका. कार्बनचा तर विचारही नको. फायबरने बहुधा शे-दोनशे ग्रॅम वजन कमी होतं, लांबच्या प्रवासात मानेला ते जाणवतं, पण रोजच्या तासाभराच्या वापरात नीट बसणारं दीड किलोचं हेल्मेट सैल बसणाऱ्या हलक्या हेल्मेटापेक्षा कमी त्रास देतं.

कवचाबद्दल एक गोष्ट मात्र विचारा: या मॉडेलची कवचं किती मापांत येतात? स्वस्तात कंपनी एकाच मापाचं कवच बनवते आणि आतल्या स्पंजची जाडी बदलून एस पासून एक्सएल पर्यंत सगळं विकते. मग लहान डोक्याच्या माणसाच्या खांद्यावर मोठा घुमट येतो. दोन मापांची कवचं असतील तर चांगलं, तीन असतील तर फारच छान.

पैसे घालायचेच असतील तर वायझरवर घाला. पावसात आणि थंडीत श्वासाने काच धुरकट होते आणि काही सेकंद समोरचं दिसत नाही. तुमच्या बाबतीत चष्माही धुरकटतो, म्हणजे त्रास दुप्पट. पिनलॉक नावाची आतून बसवायची पातळ दुसरी काच मिळते. दोन काचांमध्ये हवेचा थर राहतो आणि आतली बाजू थंड पडत नाही. वायझरला आतून दोन्ही कडांना त्यासाठी छोट्या खुंट्या असतात, त्या आहेत का ते बघून घ्या. पिनलॉक चष्म्यावरचं धुकं थांबवत नाही, त्यासाठी श्वास खाली वळवणारा नाकावरचा पडदा आणि हनुवटीची हवेची झडप लागते. जास्तीची वायझर सहज मिळते का हेही विचारा, कारण वायझरवर ओरखडे पडतातच, आणि समोरून येणाऱ्या दिव्यात प्रत्येक ओरखडा चमकतो. काळी वायझर रात्री नको. आतली खाली येणारी गॉगलसारखी काच चष्मेवाल्यांना खरंच उपयोगी पडते, फक्त ती चष्म्याला टेकत नाही ना, ते दुकानातच पाहा.

बक्कल डबल डी-रिंगचं (दोन कड्यांतून पट्टा ओवून ताणायचं) असो की दातेरी पट्टीचं, मला दोन्ही चालतात. डी-रिंग दर वेळी नेमकी ताणली जाते, दातेरी पट्टी हातमोजे घालूनही पटकन लागते, पण पॅड दबले की तिची लांबी पुन्हा जुळवावी लागते. ते लोक विसरतात.

आवाजाची फार चिंता करू नका. हायवेच्या वेगात वाऱ्याचा आवाज कुठलंही हेल्मेट पुरता अडवत नाही, महागडंही नाही. लांब जाणार असाल तर कानात फोमचे बोळे घाला. ग्राफिक्स, मागचा स्पॉयलर, आधीपासून बसवलेला ब्लूटूथ यांवर एक पैसाही नको. त्याच मॉडेलचं एकरंगी हेल्मेट स्वस्त मिळतं आणि आतलं थर्माकोल तेच असतं. फिका रंग घेतलात तर लांबून दिसायलाही बरं.

घेताना आतलं पॅड उचलून उत्पादनाची तारीख बघा. नवीन आवृत्ती आली की दुकानदार जुना माल सवलतीत काढतात. वर्षभरापूर्वीचा, ०६ चा असेल तर खुशाल घ्या, पण चार वर्षं गोदामात पडलेला नको. बहुतेक कंपन्या वापर सुरू केल्यापासून पाच वर्षांनी बदलायला सांगतात. घाम, डोक्याचं तेल आणि ऊन यांनी अस्तर आणि गोंद हळूहळू खराब होतात. वापरलेलं हेल्मेट कुणाकडूनही घेऊ नका, अगदी ओळखीच्या माणसाकडूनही, कारण खचलेला थर्माकोल बाहेरून दिसत नाही. रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं तर सहसा घाबरायचं कारण नाही, पण आत डोकं असताना आपटलं तर ते बदलायचंच. आणि पॉलिकार्बोनेटचं कवच पेट्रोलने किंवा थिनरने कधी पुसू नका, त्याने प्लास्टिक ठिसूळ होतं. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरतं.

तेव्हा आता तेच एम पुन्हा एकदा घाला, चष्म्यासकट, आणि पंचवीस मिनिटं थांबा. कपाळावर डाग पडला नाही, मागून ढकलल्यावर निघालं नाही आणि पट्ट्यावर ०६ आणि पी दिसलं, तर घेऊन टाका.