पर्यावरण शिक्षण मोजताना झाडं मोजू नका

सर, शाळेतलं पर्यावरण शिक्षण मुलांपर्यंत किती पोचलं हे कसं मोजायचं, असं तुम्ही विचारलंत. किती रोपं लावली, किती फलक रंगवले यावरून कार्यक्रम कळतो, शिक्षण नाही. सातवीची दहा मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा. वर्गशिक्षकांवर सोडलं की हुशारच पुढे येतात. विचारा: 100 चौरस मीटर पत्र्यावर 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? 2,000 लिटर. टाकीत त्याहून कमी का येतं, हे सांगणाऱ्याला जास्त गुण. मग गळका नळ, मापाचं भांडं आणि घड्याळ द्या, दिवसाची गळती काढू द्या. (नळ सगळ्या शाळांत सापडतो!) 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी का आणावं लागलं? नुसतं ‘पाऊस कमी’ आलं तर पाठांतर. ऊस, बोअर, उपसा निघाला तर शिकवणं पोचलंय. हीच चाचणी जूनमध्ये आणि मार्चमध्ये घ्या, पण आकडे बदलून.