पहिल्या भेटीला जाताना
अगं, पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत अपंग मुलाच्या घरी पहिल्यांदा जाशील तेव्हा फॉर्म पिशवीतच राहू दे. आधी मुलाच्या आईला विचार, रात्री झोप होते का? मी एकदा थेरपीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून आले होते. ती बाई चार घरची धुणीभांडी करून दहा वर्षांच्या लेकाला कडेवर घेऊन पर्वतीचा चढ चढायची; कसलं वेळापत्रक पाळणार, कप्पाळ!

मग कागद. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आधी. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असेल तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा, १ लाख रुपयांपर्यंत, थेरपीसकट. मूळ बिलं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांग, पावसात पत्रा गळतो. आणि रिक्षाभाड्याचं नक्की विचार. पुष्कळांची थेरपी तिथंच सुटते.