तालमीतल्या शंका : 'द क्रुसिबल'मधली बेटी

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आर्थर मिलरच्या 'द क्रुसिबल'मध्ये (१६९२ सालच्या अमेरिकेतल्या सेलम गावातल्या चेटूक-खटल्यांवरचं नाटक) बेटी पॅरिसची भूमिका मिळाली आहे. पहिला अंकभर ती बहुतेक वेळ पलंगावर निपचित पडून असते. यात तालीम कसली करायची?

उत्तर : ऐकण्याची. जंगलात नाचताना बापाने पाहिलं, त्या धास्तीने बेटी मिटून गेली आहे. उशाशी मोठी माणसं बोलतात ते सगळं तिच्या कानांवर पडतं : सैतानाची चर्चा, कुणावर कुणाचा राग, घरातली गुलाम टिटुबा चेटकाची कबुली देताच तिच्याशी बदललेला सूर. अंकाच्या शेवटी 'सैतानाबरोबर पाहिलं' म्हणून ती ज्यांची नावं ओरडते, त्यांची तयारी इथे चाललेली असते. संहितेत अशा सात-आठ वाक्यांखाली रेघ मारून द्या. ते वाक्य आलं की पांघरुणाखाली मूठ आवळायची, कुणाला दिसणार नाही अशी. याचा आणखी एक उपयोग म्हणजे मूल झोपत नाही. दिव्यांच्या उबेत मुलं खरोखर झोपतात आणि क्यू, म्हणजे आपली पाळी आल्याची खूण, हुकतो.

पाठीवर उताणं झोपवलं तर छाती वरखाली होताना पहिल्या रांगेतून दिसते. थोडं कुशीवर, गुडघे दुमडून, जाड पांघरुणात झोपवा. मिटलेल्या पापण्या फडफडतात त्या दिवा थेट तोंडावर आल्याने. चेहरा जरा सावलीत वळवा आणि मिटल्या डोळ्यांनी पायाच्या अंगठ्याकडे 'बघायला' सांगा. बराच वेळ पडून एकदम उठलं की भोवळ येते, आणि बेटी तर उठून थेट खिडकीकडे धावते. म्हणून त्या क्षणाआधी पोटऱ्या पाच-सहा वेळा आवळून सोडायच्या. हे विसरलं की पहिल्याच पावलाला तोल जातो.

प्रश्न : अ‍ॅबिगेल (बेटीची नात्यातली मोठी बहीण) बेटीच्या थोबाडीत मारते. आमच्या मुली म्हणतात, 'हळूच मारते ना, चालेल.' चालेल का?

उत्तर : नाही. तालमीतली 'हळूच' प्रयोगाच्या रात्री जोरात होते. मारणारीचा हात गालापासून वीतभर लांबून जायला हवा. बेटीची पाठ प्रेक्षकांकडे ठेवा, म्हणजे मधली फट दिसत नाही. आवाज बेटीनेच काढायचा, छातीजवळ स्वतःच्या तळहातावर टाळी मारून. आधी दोघींची नजरानजर, मग हात, आणि मान फिरते ती टाळीबरोबर. आधी फिरली तर प्रेक्षक हसतात. दोघींच्या पावलांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा, कारण रंगात आल्यावर अंतर आपोआप कमी होतं. खिडकीला काच नको. ती बाहेर पाय टाकते, म्हणून चौकटीमागे पक्की लेव्हल (उंच लाकडी चौथरा) हवी, नुसती गादी नव्हे.

प्रश्न : मी बेटी करते. शेवटी ओरडून माझा घसा बसतो. काय करू?

उत्तर : तू बहुधा पहिल्याच नावाला पूर्ण आवाज लावतेस, मग वर जायला जागाच उरत नाही. अ‍ॅबिगेलपेक्षा किंचित खालून सुरू कर आणि दर नावाला थोडी चढ. ओरडण्याआधी उठून बस. आडवं पडून ओरडलं की पुरेसा श्वास मिळत नाही आणि घशावर ताण येतो. रोजच्या तालमीत अर्ध्या आवाजात म्हण, पूर्ण आवाज रंगीत तालमीला. घसा दुखायला लागला तर त्या दिवशी नुसते ओठ हलव. आणि काही नावांआधी येणारं 'गुडी' हे कुणाचं नाव नाही, साध्या घरातल्या विवाहित बाईसाठीचं संबोधन आहे. जोर पुढच्या आडनावावर दे.

प्रश्न : बेटी खरी होती का?

उत्तर : होती. १६९२ मध्ये सेलममधल्या पाद्री सॅम्युएल पॅरिसची ही मुलगी ९ वर्षांची होती. नाटकातली १७ वर्षांची अ‍ॅबिगेल प्रत्यक्षात ११-१२ची. बेटी इतकी लहान, त्यामुळे तिला कावेबाज करू नका, कावा अ‍ॅबिगेलकडे राहू द्या. बेटी ज्यांची नावं घेते त्यांतली एलिझाबेथ हाउ त्याच वर्षी १९ जुलैला आणि म्हातारे जॉर्ज जेकब्ज १९ ऑगस्टला फासावर गेले. ही नावं गोंगाटात विरता कामा नयेत. शेवटच्या रांगेत एकाला बसवून ऐकायला लावा.