‘चौघीजणी’तली ‘जणी’

‘चौघी’ म्हटलं की बायका चार हे कळतंच. मग शांता शेळके यांनी अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’ या चार बहिणींवरच्या कादंबरीचा अनुवाद करताना ‘चौघीजणी’ असं नाव का दिलं, त्यातली ‘जणी’ ही द्विरुक्ती नाही का, असा प्रश्न आहे.

हिशेबाने पाहिलं तर द्विरुक्तीच. दोघी, तिघी, चौघी इथपर्यंत आपल्याकडे बायका मोजायला स्वतंत्र शब्द आहेत. पुढे पाचजणी, सहाजणी. म्हणजे ‘जणी’ची खरी गरज पाचवी आली की लागते. पण घरात कानावर काय पडतं? ‘दोघीजणी मिळून आवरा गं’, ‘तिघीजणी कुठे निघालात?’ ‘चौघी’ने मोजदाद होते, ‘जणी’ लावली की त्या एकमेकींच्या होतात. शेजारीच ‘चारचौघी’ ठेवून बघा. ‘चारचौघींसारखी’ म्हणजे सर्वसाधारण, कुणीही. ‘चौघीजणी’ म्हणजे याच चार, दुसऱ्या कुणी नव्हेत.

मूळ नाव पहिल्याच प्रकरणातलं आहे. युद्धावर गेलेले वडील पत्रात मुलींना ‘लिटल विमेन’ म्हणतात. त्याचं ‘छोट्या स्त्रिया’ केलं असतं तर मराठीत त्या उंचीने कमी वाटल्या असत्या. शांताबाईंनी शब्द सोडला आणि नातं धरलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि ते अल्कॉटच्या आयुष्याशीही जुळतं. तिचा जन्म १८३२चा. ॲना, लुइझा, एलिझाबेथ आणि मे अशा या चार बहिणी. प्रकाशकाने मुलींसाठी पुस्तक मागितलं तेव्हा तिने रोजनिशीत लिहिलं की मुली मला कधी आवडल्या नाहीत, बहिणी सोडल्या तर फारशा माहीतही नाहीत. मग तिने बहिणीच लिहिल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावी, ऑर्चर्ड हाऊसमधल्या तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधे वडिलांनी करून दिलेलं अर्धगोल मेज होतं, भिंतीला लागून, जेमतेम कागद मावतील एवढं. १८६८मध्ये पहिला भाग तिथे लिहून झाला.

तेव्हा चौघीजणी उरल्या नव्हत्या. एलिझाबेथ १८५८मध्येच गेली होती. कादंबरीत ॲनाची मेग झाली, लुइझाची जो, मेची ॲमी. एलिझाबेथ तेवढी बेथच राहिली.