लेखापरीक्षणातून आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी सल्लागाराकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सरकारी खात्यांच्या लेखापरीक्षणात सहा वर्षं झाली, आता सुशासन आणि भ्रष्टाचारविरोध या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय सल्लागार व्हायचं आहे, तर नोकरी सोडून परदेशात या विषयाची पदव्युत्तर पदवी घ्यावी का? माझं मत स्पष्ट आहे. नोकरी सोडू नका, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही जे काम करताय त्याच कामाच्या माणसांची या क्षेत्रात वानवा आहे. सुशासनावर बोलणारे पुष्कळ भेटतात. बिलं, मोजमापाच्या नोंदी आणि निविदेतल्या अटी समोर ठेवून पैसा नेमका कुठे गळला हे दाखवणारे फार थोडे.

युगांडाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. तिथलं सरकार प्राथमिक शाळांना विद्यार्थीसंख्येनुसार अनुदान देत होतं. कागदावर खर्च वाढत होता, शाळांची अवस्था मात्र सुधारत नव्हती. जागतिक बँकेच्या संशोधकांनी २५० शाळांतल्या नोंदी गोळा केल्या आणि केंद्र सरकारने सोडलेल्या रकमांशी ताडून पाहिल्या. १९९१ ते १९९५ या काळात सरासरी फक्त १३ टक्के अनुदान शाळांपर्यंत पोहोचलं होतं. बहुतेक शाळांना तर काहीच मिळालं नव्हतं. त्यानंतर सरकारने जिल्ह्यांना दिलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या फलकांवर लावायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत पोहोचणारा हिस्सा ८० टक्क्यांच्या वर गेला. यात वर्तमानपत्रांचं श्रेय किती आणि त्याच सुमारास झालेल्या इतर सुधारणांचं किती, यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता, कारण एका देशातला उपाय उचलून दुसरीकडे नेणाऱ्यांना तो प्रश्न टाळता येत नाही. पण सगळ्याच्या मुळाशी काय होतं बघा: इथून निघालेली रक्कम आणि तिथे पोहोचलेली रक्कम यांचा ताळमेळ. हे तुम्हाला येतं.

क्षेत्राचा इतिहास फार जुना नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या कर्जदात्या संस्था भ्रष्टाचाराला त्या त्या देशाचं राजकारण समजून त्यावर बोलणं टाळत. जागतिक बँकेत काम केलेल्या पीटर आयगेन यांनी १९९३ मध्ये ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही भ्रष्टाचारविरोधी स्वयंसेवी संस्था सुरू केली. १९९६ मध्ये बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी वार्षिक सभेत भ्रष्टाचाराला उघडपणे कर्करोग म्हटलं आणि दार उघडलं. १९९७ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचा करार झाला, २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार संमत झाला आणि २००५ पासून तो लागू आहे. आज १९०हून अधिक देश त्यात आहेत. प्रत्येक देशाची अंमलबजावणी दुसरे दोन देश तपासतात. त्या तपासणीत कायद्यातल्या उणिवा निघतात, आणि त्या भरून काढण्यासाठी सल्लागार लागतात. मालमत्ता जाहीर करण्याची पद्धत बसवणं, सरकारी खरेदीचे नियम सुधारणं, तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा लिहिणं, परदेशात दडवलेला पैसा परत आणणं, ही कामं तिथूनच येतात.

आता सावध राहायची गोष्ट. या व्यवसायात नकल करण्याचा मोह फार मोठा आहे. हाँगकाँगचा आयसीएसी हा स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग १९७४ मध्ये स्थापन झाला. त्याच्या आदल्या वर्षी पीटर गॉडबर नावाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी चौकशी सुरू असताना हाँगकाँग सोडून पळाला होता आणि लोक रस्त्यावर उतरले होते. आयोगाला तपास, प्रतिबंध आणि लोकशिक्षण अशी तीन अंगं दिली गेली, भरपूर पैसा आणि माणसं मिळाली, आणि तो पोलिसांपासून अलग ठेवला गेला. त्याच्या कायद्याची नकल कितीतरी देशांत झाली. सक्षम न्यायालय, पुरेसा निधी आणि वरून मिळणारा पाठिंबा यांची नकल मात्र करता येत नाही. असा नवा आयोग सुचवण्याआधी जी कार्यालयं आहेत त्यांचं काम का अडलंय हे शोधा. बऱ्याचदा लेखापरीक्षकाचे अहवाल वेळेवर विधिमंडळात मांडले गेले आणि त्यांवर कारवाई झाली, तरी नव्या आयोगापेक्षा अधिक हाती लागतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. सल्लागार पाहुणा असतो. त्याचा करार संपतो, तो विमानाने निघून जातो. तुम्हाला कागदपत्रं काढून देणारा खरेदी विभागातला कारकून, अहवालावर सही करणारी उपसचिव, ही माणसं तिथेच राहतात. ग्वाटेमालात संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर सीआयसीआयजी हा तपास आयोग २००७ पासून काम करत होता. स्थानिक सरकारी वकिलांबरोबर त्याने सीमाशुल्क विभागातला घोटाळा उघड केला आणि २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात, २०१९ मध्ये, आयोग बंद झाला. त्यानंतर या प्रकरणांवर काम केलेल्या अनेक स्थानिक वकिलांना आणि न्यायाधीशांना देश सोडावा लागला. म्हणून अहवालात कोणाचं नाव जातं, कोणती माहिती कोणाकडून आली हे किती सहज ओळखता येईल, याचा विचार पहिल्या दिवसापासून करा. अहवाल थोडा बोथट झाला तरी चालेल, पण माहिती देणारा माणूस उघडा पडता कामा नये. यावर माझं मत आजवर बदललेलं नाही.

पैशाचं आणि स्थैर्याचंही स्पष्ट बोलायला हवं. बहुतेक कामं ठरावीक दिवसांच्या करारावर मिळतात. मोबदला दिवसावर ठरतो, आणि दोन करारांमधले महिने, आजारपण, निवृत्तीची तरतूद हे सगळं आपलं आपण बघायचं. कायम पदं कमी आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेची परकीय मदत देणारी संस्था यूएसएड मोडीत निघाली, ब्रिटननेही परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. या दोन्ही देशांचा पैसा सुशासनाच्या कार्यक्रमांत मोठा होता, त्यामुळे अनुभवी माणसंही सध्या काम शोधत आहेत. तुमच्या हातात पगाराची नोकरी आहे. ती धरून तयारी करा.

तयारी म्हणजे काय? एक विषय निवडा आणि त्यात खोल जा. तुमच्या पार्श्वभूमीला सरकारी खरेदी सर्वांत जुळेल. निविदेतली संगनमताची चिन्हं तुम्ही आधीच पाहिलेली असणार. बाझल इन्स्टिट्यूट ऑन गव्हर्नन्सचे आर्थिक तपासावरचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, ते करा. नॉर्वेतल्या बर्गनच्या यू४ या भ्रष्टाचारविरोधी अभ्यास केंद्राची प्रकाशनं खुली आहेत. तुमच्या विषयावरची नेमाने वाचा. पदवी हवीच असेल तर व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्ग इथली आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी अकादमी नोकरदारांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते, त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. आणि फ्रेंच शिका. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली बरीच कामं केवळ भाषेअभावी हातची जातात.

अर्ज करताना पदनामांची जंत्री देऊ नका. तुमच्या कोणत्या आक्षेपामुळे किती रक्कम वसूल झाली, कोणता नियम बदलला, कोणतं कंत्राट रद्द झालं, हे गोपनीय तपशील वगळून पहिल्याच पानावर लिहा. एकदा तो मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून सांगेन.